पंपाचा शाफ्ट लेथवर बनवून घेताना: स्टील कोणतं, कामाचा क्रम कसा आणि चूक कुठे होते

सोसायटीच्या पंपाचा शाफ्ट गेला की मुंबईत बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. प्लंबर जुना शाफ्ट गोणपाटात गुंडाळून साकीनाक्याला नाहीतर कुर्ल्याला लेथवाल्याकडे नेतो, ‘सेम टू सेम बनवा’ म्हणतो आणि संध्याकाळी नवा घेऊन येतो. वरच्या टाकीत पाणी चढतं, सगळे खूश. मग काही महिन्यांत सील गळतं, बेअरिंग ओरडायला लागतं आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये ‘लेथवाल्याने हलका माल वापरला’ यावर एकमत होतं. माल बहुतेक वेळा ठीकच असतो. लेथवाल्याला झिजलेला शाफ्ट दिला, त्याने इमानदारीने झिजलेल्या मापाचा शाफ्ट बनवला, एवढंच.

मापं जुन्या शाफ्टवरून घ्यायची नाहीत, त्यावर जे बसतं त्यावरून घ्यायची. आणि स्टील ठरवायचं ते जुना शाफ्ट कुठे आणि कसा गेला ते पाहून. पुढचं सगळं या दोन गोष्टी अमलात कशा आणायच्या त्याबद्दल आहे.

हा लेख मोटर आणि पंप वेगळे असून कपलिंगने जोडलेल्या, साधारण ३ ते १० एचपीच्या सेंट्रीफ्यूगल पंपासाठी आहे. मोनोब्लॉकमध्ये मोटरच्या रोटरचाच शाफ्ट पंपात जातो. तो प्रेसने काढावा लागतो, तेव्हा ते काम रिवाइंडिंगवाल्याकडेच द्या.

टप्पा १: शाफ्ट का गेला ते आधी पाहा

पॅनेलचा मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात, आणि पॅनेलवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी. खाली टाकीत पाणी आलं की वॉचमन सवयीने पंप चालू करतो, म्हणून हे आधी सांगितलं.

शाफ्ट बाहेर आला की चिंधीने आणि रॉकेलने पुसून उजेडात धरा. तो तीनपैकी एका प्रकारे गेलेला असतो.

तुटला असेल तर तुटलेलं तोंड नीट बघा. बहुधा एका बाजूला गुळगुळीत भाग दिसेल, त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेघा, आणि उरलेला भाग खडबडीत. याचा अर्थ शाफ्ट एका दिवसात तुटलेला नाही. चीर आधी पडली आणि फिरता फिरता वाढत गेली. ती सुरू झाली ती जागा जवळजवळ नेहमी चावीच्या गाळ्याचा (इंपेलर-कपलिंग शाफ्टवर घसरू न देणारी पट्टी बसते त्या खाचेचा) कोपरा असते, नाहीतर बेअरिंग टेकतं त्या खांद्याचा, म्हणजे व्यास बदलतो त्या पायरीचा, धारदार काटकोन.

इथे ‘मग जास्त मजबूत स्टील घालू’ असं सुचतं. जरा हिशेब करा. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट. २८८० आरपीएमला टॉर्क येतो सुमारे १२ न्यूटन-मीटर. २५ मिमी शाफ्टवर त्याचा पिळाचा ताण होतो चौरस मिलिमीटरला जेमतेम ४ न्यूटन. साधं ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील) नॉर्मलाइज केलेलं, म्हणजे तापवून हवेत थंड केलेलं, असलं तरी ताणात २८० च्या आसपास टिकतं. गाळ्यामुळे आणि वाकण्यामुळे वाढणारा ताण धरला तरी भरपूर जागा उरते. म्हणजे शाफ्ट ताकद कमी पडून तुटत नाही. तो कपलिंग सरळ रेषेत नसल्यामुळे आणि धारदार कोपऱ्यामुळे तुटतो. ही दोन कारणं तशीच ठेवली तर महागातलं स्टीलही तिथेच तुटेल.

शाफ्ट झिजला असेल तर जागा पाहा. ग्लँड दोरीखाली (शाफ्टभोवती पाणी अडवायला गुंडाळलेल्या पॅकिंगखाली) चर पडलेत, की बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर घसरून सीट चकाकते आहे? दुसऱ्यात दोष फिटचा आहे, धातूचा नाही.

शाफ्ट गंजला असेल, विशेषतः सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील, तर पाणी कुठलं आहे ते विचारा. महापालिकेचं पाणी सौम्य असतं. किनाऱ्यालगतच्या इमारतींत फ्लशिंगसाठी बोअरवेलचं पाणी येतं, ते खारट असू शकतं, आणि एकाच पंपरूममध्ये दोन्ही पंप शेजारी-शेजारी असतात.

तपासणी: पुढे जाण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: ‘शाफ्ट अमुक जागी, अमुक कारणाने गेला.’ ही ओळ लिहिता येत नसेल तर लेथवाल्याकडे जायची घाई करू नका.

टप्पा २: मापं कशावरून घ्यायची

*बेअरिंगची सीट.* बेअरिंगवरचा नंबर वाचा. ६३०६ असेल तर आतलं भोक ३० मिमी, बाहेरचा व्यास ७२, रुंदी १९. ६३०५ असेल तर २५, ६२, १७. जुन्या शाफ्टवर २९.९४ भरत असेल तर ती झीज आहे, माप नव्हे. ड्रॉइंगवर ‘३० के६’ लिहा (के६ हा घट्ट बसण्यासाठीच्या मापाच्या मर्यादेचा कोड), म्हणजे ३०.००२ ते ३०.०१५ मिमी. के६ सगळ्यांना माहीत असेलच असं नाही, म्हणून दोन्ही आकडे लिहा. टर्नर हमखास विचारतो, ‘सीट किती ठेवू?’ आणि आपला माणूस सांगतो, ‘बेअरिंग हाताने सरकेल एवढी.’ बिघाड इथेच सुरू होतो. हाताने सरकणारी आतली रिंग चालू पंपात शाफ्टवर हळूहळू फिरते आणि सीट खाते.

*सीलची जागा.* नवं मेकॅनिकल सील विकत आणून मग माप लिहा. सील शाफ्टवर असेल तर साधारण एच६ धरतात: ३० मिमीला ३०.००० ते २९.९८७. स्लीव्ह (शाफ्टवर चढवलेली, झिजली की बदलायची नळी) असेल तर हेच माप स्लीव्हच्या बाहेरून.

*इंपेलर (पाणी फेकणारा पंखा) आणि कपलिंग.* त्यांची भोकं बोअर गेजने मोजा, व्हर्नियरच्या वरच्या चोचींनी नको. इंपेलरचं भोकच लंबगोल झालं असेल तर तो आधी दुरुस्त करा. वाकड्या भोकाला शाफ्ट जुळवण्यात अर्थ नाही.

*चावीचा गाळा.* २२ च्या वर ते ३० मिमी शाफ्टला ८×७ ची चावी, शाफ्टमधली खोली ४ मिमी. ३० च्या वर ३८ पर्यंत १०×८, खोली ५ मिमी. जुना गाळा रुंदावलेला असतो, तो मोजू नका.

*आटे.* इंपेलर नटचे आटे डावे की उजवे ते पाहून ठळक लिहा. पंप फिरताना नट घट्ट व्हावा अशा बेताने ते ठरवलेले असतात. उलटे कापले गेले तर नट सुटतो आणि इंपेलर केसिंगवर घासतो. आट्यांचं गेजही लावा: जुन्या पंपांवर मेट्रिकऐवजी इंची बीएसडब्ल्यू आटे भेटतात, आणि नट दोन फेरे चढून अडकेपर्यंत लक्षात येत नाही.

*लांब्या.* या मात्र जुन्या शाफ्टवरून चालतात, कारण खांदे फारसे झिजत नाहीत. पण सगळ्या लांब्या एकाच टोकापासून मोजा. एका पायरीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी असं मोजत गेलात तर प्रत्येक चूक पुढच्या मापात मिसळते आणि शेवटी इंपेलर एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसतो.

*खांद्याची गोलाई.* ड्रॉइंगमध्ये सगळ्यांत जास्त विसरली जाणारी हीच. बेअरिंगच्या आतल्या रिंगच्या कोपऱ्याला गोलाई असते. ६३०५ आणि ६३०६ ला ती किमान १.१ मिमी. शाफ्टच्या खांद्यात १ मिमीपर्यंत गोलाई ठेवता येते. त्याहून मोठी ठेवली तर रिंग खांद्याला टेकत नाही. काटकोन ठेवला तर चीर तिथून सुरू होते. ‘आर १’ असं लिहा आणि भोवती गोल करा.

सावध: व्हर्नियरचा सगळ्यात लहान भाग ०.०२ मिमी असतो. के६ ची सगळी मोकळीक ०.०१३ आहे. बेअरिंग सीट आणि सीलची जागा मायक्रोमीटरनेच मोजायची. ज्या लेथवाल्याकडे चालू मायक्रोमीटर नाही त्याला हे काम देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो.

टप्पा ३: स्टील ठरवणं

महापालिकेचं पाणी आणि शाफ्टवर स्लीव्ह असेल तर ईएन८ पुरतं. कार्बन सुमारे ०.४ टक्के, लेथवर छान कापतं, सहज मिळतं. पाणी स्लीव्हला लागतं, शाफ्टला नाही, आणि झिजली तर फक्त स्लीव्ह बदलायची. माझा कल बहुतेक सोसायट्यांसाठी इकडेच आहे: ईएन८ चा शाफ्ट, स्टेनलेसची स्लीव्ह.

स्लीव्ह नसेल आणि शाफ्ट थेट पाण्यात असेल तर एसएस४१० (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील). क्रोमियम ११.५ ते १३.५ टक्के, कडक करता येतं, ग्लँड दोरीखाली बरं टिकतं. गोड्या पाण्याला ठीक. खारट पाण्यात मात्र खड्डे पडतात.

खारट बोअरवेलसाठी एसएस३१६. त्यात २ ते ३ टक्के मोलिब्डेनम असतं आणि क्लोराइडच्या खड्ड्यांपासून तेच वाचवतं. ढोबळ हिशेब असा की क्लोराइड लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर एसएस३०४ चालतं, त्याच्या वर हजारापर्यंत ३१६ हवंच. बोअरच्या पाण्याची प्रयोगशाळेत एकदा तपासणी करून घ्या, खर्च शाफ्टच्या तुलनेत किरकोळ असतो. ३०४ आणि ३१६ मऊ असतात, ग्लँड दोरीखाली लवकर खातात. तेव्हा दोरीच्या जागी मेकॅनिकल सील घालायचा विचार याच वेळी करा.

स्टेनलेसच्या आट्यांवर स्टेनलेसचाच नट कोरडा चढवला तर तो मध्येच जॅम होतो, पुढे जात नाही आणि मागेही येत नाही. पितळी किंवा गनमेटलचा नट घ्या, नाहीतर आट्यांना अँटीसीझ (आटे जॅम होऊ न देणारं वंगण) लावा.

टप्पा ४: बार विकत घेणं

गुलालवाडी, कीका स्ट्रीट, कुंभारवाड्याच्या पट्ट्यात हवा तो बार कापून मिळतो. बेअरिंग आणि सील नागदेवीला. दारूखान्यात जुने शाफ्ट भंगाराच्या भावात दिसतात आणि मोह होतो, पण त्या तुकड्याने आधी किती वर्षं काय ओढलं ते कोणी सांगू शकत नाही. मी घेत नाही.

शाफ्टचा सगळ्यांत मोठा व्यास ३८ असेल तर काळ्या बारमध्ये ४२ च्या आसपासचा घ्या. काळ्या बारच्या वरच्या थरातला कार्बन गरम रोलिंगमध्ये कमी झालेला असतो, तो थर पूर्ण निघायला हवा. चकचकीत ब्राइट बार मापात असतो म्हणून सोयीचा वाटतो, पण थंड ओढल्यामुळे त्याच्या अंगात ताण साचलेला असतो. एका बाजूने गाळा कापला की तो वाकतो. लांबीला दोन्ही टोकांना ५-५ मिमी जादा धरा.

वजन तिथेच तपासा: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. ४० मिमी बार मीटरला ९.८८ किलो भरतो. ३०४-३१६ चं थोडं जास्त येईल.

सावध: चुंबकावर विसंबू नका. एसएस२०२ आणि ३०४ दोन्हीला चुंबक चिकटत नाही, आणि ३०४ च्या नावावर २०२ गळ्यात मारणं बाजारात नवं नाही. उलट ४१० ला चुंबक चिकटतो, म्हणून कमिटीतले कोणी तरी ‘हे खोटं स्टेनलेस आहे’ म्हणत परत पाठवतात. बिलावर ग्रेड आणि हीट नंबर (स्टीलच्या एका वितळणीचा नंबर) लिहून घ्या, टेस्ट सर्टिफिकेटवरचा नंबर बारवरच्या शिक्क्याशी जुळवा. ३१६ साठी पैसे मोजत असाल तर मोलिब्डेनमची थेंबाची चाचणी किंवा एक्स-रे मशीनची तपासणी करून घ्याच.

टप्पा ५: लेथवरचा क्रम

सगळ्यांत जास्त बिघाड क्रम चुकल्याने होतो. टर्नरचं काम त्याला शिकवायला जाऊ नका, पण हा क्रम ड्रॉइंगच्या मागे लिहून द्या.

१. दोन्ही टोकं फेस करून (सपाट कापून) ६० अंशाची सेंटरची भोकं मारायची. ती शेवटपर्यंत राहू द्यायची. पुढे शाफ्ट तपासायला, ग्राइंड करायला हीच लागतात. टोक ‘सुबक दिसावं’ म्हणून भोक कापून टाकणारेही भेटतात.

२. रफ टर्निंग, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक व्यासावर दीड-दोन मिमी राखून. मग काम मशीनवरून काढून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी डायल (वाक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावून वाक पाहायचा.

३. चावीचे गाळे आता, मिलिंगवर. फिनिश झाल्यावर गाळा कापला तर शाफ्ट किंचित वाकतो आणि तयार झालेली सीट वाकडी होते. अजून माल राखलेला असल्यामुळे खोलीचा हिशेब बदलतो: व्यासावर १.५ मिमी शिल्लक असेल तर गाळा ४ ऐवजी ४.७५ मिमी खोल.

४. सेमी-फिनिश दोन सेंटरमध्ये धरून, चकात नाही. चकात एक बाजू करून शाफ्ट उलटा धरला की दोन्ही बेअरिंग सीटचे मध्य जुळत नाहीत. मायक्रोमीटर हे दाखवत नाही, कारण दोन्ही व्यास आपापल्या जागी बरोबर असतात. ग्राइंडिंगसाठी ०.२ ते ०.३ मिमी राखा.

५. आटे, चँफर (कडांचा तिरका उतार), खांद्याची गोलाई. गोलाईसाठी टूलच्या टोकाला गोलाई हवी. कानस मारून केलेली गोलाई चालत नाही.

६. बेअरिंग सीट आणि सीलची जागा सिलिंड्रिकल ग्राइंडरवर.

वेगाबद्दल थोडं. ४० मिमी ईएन८ कार्बाइडने मिनिटाला १०० मीटर कापायचं तर सुमारे ८०० आरपीएम. ३०४ किंवा ३१६ ला ८० मीटर धरा, म्हणजे ६४० च्या आसपास. एचएसएस (हायस्पीड स्टीलचं) टूल असेल तर स्टेनलेसला १२० ते १६० आरपीएमच. स्टेनलेसमध्ये खरा घात हलक्या हाताने होतो. टर्नर शेवटी ‘जरासं’ काढायला टूल नुसतं टेकवतो, टूल कापत नाही, घासतं. घासलेला थर तिथल्या तिथे कडक होतो आणि पुढचा कट त्यावरून उड्या मारतो. टूल धारदार, फीड फेऱ्याला ०.१ च्या खाली नको, शेवटच्या कटला किमान ०.२ मिमी खोली आणि कूलंट सतत.

तपासणी: शेवटचं माप काम थंड झाल्यावर घ्या. ३० मिमीचा ईएन८ शाफ्ट हवेपेक्षा २० अंश गरम असेल तर ७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा भरतो, ३१६ साधारण १० मायक्रॉन. के६ ची सगळी मोकळीक १३ आहे. गरम असताना मधोमध बसलेलं माप थंड झाल्यावर खालच्या टोकाला येतं, कधी त्याच्याही खाली.

टप्पा ६: सीट लहान झाली तर

अशा वेळी टर्नर सेंटर पंच घेतो आणि सीटवर ओळीने टिंब मारतो. प्रत्येक टिंबाभोवती धातू उचलला जातो, बेअरिंग घट्ट बसल्यासारखं वाटतं, तो हातोडीने टकटक करून दाखवतोही. प्रत्यक्षात रिंग फक्त त्या उचललेल्या कडांवर टेकलेली असते. थोड्याच दिवसांत त्या कडा चेपतात. असा शाफ्ट ताब्यात घेऊ नका.

वेल्डिंगने भरून पुन्हा टर्न करणं त्याहून वाईट: ईएन८ मध्ये वेल्डच्या कडेला ठिसूळ पट्टा तयार होतो आणि शाफ्ट वाकतो तो वेगळाच. दोन-चार मायक्रॉनचाच प्रश्न असेल तर बेअरिंगसाठीचं रिटेनिंग कंपाउंड (फट भरून रिंग धरून ठेवणारं चिकट द्रव) चालतं. जास्त असेल तर मेटल स्प्रे करून ग्राइंडिंग, नाहीतर नवा शाफ्ट. ड्रॉइंगवर आकडे तुम्ही लिहिलेले असतील तर हा खर्च कोणाचा यावर वाद होत नाही. तोंडी ‘टाइट ठेवा’ सांगितलं असेल तर तो तुमच्याच खात्यात जातो.

टप्पा ७: ताब्यात घेण्याआधी

मायक्रोमीटर आधी शून्यावर तपासा. प्रत्येक सीट तीन जागी आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजा. उतार आणि लंबगोलपणा त्यातच कळतो. मग दोन्ही बेअरिंग सीट व्ही-ब्लॉकवर ठेवून शाफ्ट हाताने फिरवा आणि डायल लावा. सीलच्या जागी काटा ०.०३ मिमीच्या आत हलला पाहिजे, कपलिंगच्या जागी ०.०५ च्या आत.

गाळ्याच्या आणि चँफरच्या कडेवर बोट फिरवा. नख अडकलं तर तिथे ‘बर’, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड, आहे. सीलचं रबर सरकणार त्या वाटेवर बर किंवा स्क्रूचा ओरखडा असेल तर रबर बसवतानाच कापलं जातं आणि पहिल्या दिवशीच गळती सुरू होते. त्या टोकाला साधारण २ मिमी लांबीचा सौम्य उतार हवा.

नवी चावी गाळ्यात अंगठ्याने पूर्ण बसत असेल तर गाळा सैल आहे. हलक्या हातोडीने बसली पाहिजे.

टप्पा ८: बसवणं

बेअरिंग तेलात किंवा इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत गरम करा आणि खांद्याला टेकेपर्यंत सरकवा. गॅसची ज्योत लावायची नाही. प्रेसने घालायचं असेल तर दाब फक्त आतल्या रिंगवर. बाहेरच्या रिंगवर दाब दिला की गोळ्यांच्या वाटेवर खुणा उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुरगुरतं. सीलच्या रबराला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको.

नट आवळल्यावर शाफ्ट हाताने फिरवून पाहा. कुठेही घासता कामा नये. मग कपलिंगची रेष डायलने जुळवा. पट्टी टेकवून डोळ्याने पाहिलेली रेष पुरत नाही, आणि पहिला शाफ्ट तुटला असेल तर बहुधा याच आळसामुळे. पाइप फ्लँजला जोडल्यावर रेष पुन्हा तपासा, कारण ओढून-ताणून जोडलेला पाइप पंपालाच जागेवरून हलवतो. फाउंडेशनचे बोल्ट पावसाळ्यात पाण्यात राहून सैल झालेले असतील तर आधी ते आवळा, हे सगळं त्यानंतर.

कपलिंग जोडण्याआधी मोटर क्षणभर चालू करून फिरण्याची दिशा पाहा. वायरमनने फेज बदललेले असतील तर आट्यांची दिशा बरोबर असूनही नट सुटेल.

पहिला तासभर पंपाजवळ थांबा. बेअरिंगच्या घरावर हात ठेवता आला पाहिजे. सीलखाली कागद ठेवा, तो कोरडा राहायला हवा. ग्लँड दोरी असेल तर मात्र थेंब-थेंब पाणी पडलंच पाहिजे. ते थांबेपर्यंत नट आवळत गेलात तर दोरी जळून नव्या शाफ्टवर चर पाडते. दुसऱ्या दिवशी कपलिंगचे आणि फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा आवळा. आणि ड्रॉइंग, स्टीलचं बिल, बेअरिंग-सीलचे नंबर सोसायटीच्या फाइलला लावा, प्लंबरच्या डायरीत नको.